गलबताच्या पोटात काय भरावे?
(मंडळाच्या बालविभागाच्या हस्तकला शिबिरात झालेले भाषण)



पुढच्या वर्षीच्या देखाव्यात पाण्याच्या हौदात गलबत तरंगवायचे आणि त्यावर शाडूची छोटी मूर्ती बसवायची, असा मुलांचा हट्ट आहे. कल्पना छान आहे. पण गलबत कलंडले तर शाडूचे काय होईल, ते सांगायला नको. म्हणून शिडांच्या रंगाआधी आपण तळाच्या भाराचे बोलू. जहाज डोलू नये म्हणून तळाशी घालायच्या भाराला आपल्याकडे नीरम असा जुना शब्द आहे. बडोद्यापासून समुद्र लांब खरा, पण बिलिमोरा आणि ओखामंडळ गायकवाडी मुलखातच होते. तेव्हा हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही.

किती भार लागेल हे अंदाजाने ठरवू नये. समजा, गलबत ६० सेंटिमीटर लांब आहे आणि रंगवलेल्या पाणरेषेपर्यंत बुडाले की ते २४०० ग्रॅम पाणी बाजूला सारते. लाकूड, डोलकाठी, शिडे मिळून ११०० ग्रॅम आणि मूर्ती ३०० ग्रॅम धरली, तर उरतात १००० ग्रॅम. तेवढेच नीरम. हिशोब नको असेल तर मूर्तीच्या वजनाची पुडी ठेवून गलबत टबात सोडा, पाणरेषा येईपर्यंत आत वजने ठेवत जा आणि मग ती काट्यावर मोजा.

आता हे एक किलो कशाचे? कोरडी वाळू घेतली तर सव्वासहाशे घनसेंटिमीटर जागा जाते, काळ्या दगडाला साडेतीनशेच्या आसपास, लोखंडाला १२७ आणि शिशाला फक्त ८८. जागा कमी लागली की भार तळाला चिकटून राहतो आणि गुरुत्वमध्य खाली येतो. वाळू फुकट मिळते, पण ती गलबत कलले की त्याच बाजूला घरंगळते आणि कललेल्याला आणखी कलवते. अर्धी भरलेली पाण्याची बाटली तर त्याहून वाईट.

भार पुरेसा खाली नसेल तर काय होते, ते स्वीडनच्या ‘वासा’ जहाजाने दाखवले. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमहून ते पहिल्या सफरीला निघाले आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडाले. तळात सुमारे १२० टन दगड होते. पण वरचा भाग आणि तोफा इतक्या जड की वाऱ्याच्या एका झोताने ते कलले आणि खालच्या ओळीतल्या उघड्या तोफखिडक्यांतून पाणी आत आले. आणखी दगड घातले असते तर त्याच खिडक्या पाण्याच्या अधिक जवळ आल्या असत्या. नुसता भार वाढवून भागत नाही ते असे. आपल्या मूर्तीचे आसनही म्हणूनच डेकच्या वर चौथरा करून नव्हे, डेकमध्ये खाच ठेवून खाली बसवायचे.

शिशाबद्दल आमच्यातच दोन मते आहेत. जुनी मंडळी म्हणतात, आम्ही जन्मभर गळाची शिशे वापरली, काही झाले नाही. गुणाने शिसे सर्वांत सरस, हे खरेच आहे. ते ३२७ अंशांना वितळते, त्यामुळे साच्यात ओतणेही सोपे. पण त्याची वाफ आणि भुकटी पोटात गेली तर विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त. मुलांच्या शिबिरात शिसे नाही, असे आम्ही ठरवले आहे. प्रसादाचे हात आणि शिशाचे हात एकच असू नयेत.

मग लोखंड. बांधकामाची १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरते. म्हणजे ३७ सेंटिमीटरचे तीन तुकडे केले की आपला एक किलो झाला. ते पठाणाच्या, म्हणजे तळकण्याच्या दोन्ही अंगांना आडवे झोपवायचे. आधी गंज घासून रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, नाहीतर गंजलेले लोखंड फुगते आणि फळ्या उकलते. थोडे वजन शेवटपर्यंत सुटे ठेवा. नाळ खाली गेली तर ते मागे सरकवा, सुकाणूकडचा भाग बसला तर पुढे, आणि मगच एपॉक्सीने सगळे पक्के करा.

शिडे फुगवून खरोखर वाऱ्यावर चालवायचे असेल तर एवढ्याने पुरणार नाही. आकार लहान केला की शिडाचा कलवणारा जोर घटतो, पण गलबताची सावरण्याची ताकद त्याहून जास्त घटते. तेव्हा हौदापुरता तळाखाली खोल उभा पत्रा बसवून त्याच्या टोकाला लोखंड लावावे लागते. देखाव्याच्या वेळी तो काढून ठेवता येतो.

मूर्ती चढवण्याआधी तिच्याच वजनाची वाळूची पुडी त्याच उंचीवर घट्ट बांधायची, डेकची कड पाण्याला टेकेपर्यंत गलबत हाताने कलवायचे आणि सोडायचे. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. ते आपोआप उभे राहिले तरच बाप्पा चढतील. कार्यालयात काटा आणि टब ठेवले आहेत. सळई कापायला मात्र मोठ्या माणसाला बरोबर आणा.