कठीण स्प्रिंगा आणि काळी माती

अमरावतीच्या माझ्या भाच्याने गेल्या उन्हाळ्यात छत दुमडणारी एक जुनी मोटार घेतली. वऱ्हाडच्या उन्हात उघडी मोटार कशाला, हा प्रश्न त्याच्या आईने विचारून झालाच होता. मी तो पुन्हा विचारला नाही. मोटार वळणावर झुकते, एवढीच भाच्याची तक्रार होती. ती दूर व्हावी म्हणून त्याने मूळच्या स्प्रिंगा काढून अधिक कठीण व आखूड स्प्रिंगा बसविल्या. गाडी दोन बोटे खाली बसली आणि मोठी ऐटदार दिसू लागली. पुढच्याच रविवारी आम्ही मामा-भाचे अकोल्याकडे निघालो.

हमरस्त्यावर काहीच तक्रार नव्हती. अमरावती-अकोला मार्गावर 3 ते 7 जून 2022 या दिवसांत, 105 तास 33 मिनिटांत, एका पदराचा 75 किलोमीटर डांबरी थर अखंड घातला गेला आणि त्याची गिनेसच्या विक्रमांत नोंद झाली. दुपदरी रस्त्याच्या हिशेबाने तो 37.5 किलोमीटर भरतो. परंतु मूर्तिजापूरजवळ आम्ही एका आप्ताच्या गावाकडे वळलो आणि सारे पालटले. चाक हातात थरथरू लागले, दारे करकरली, आरशातले चित्र पुसट झाले, आणि गाडी पाळण्यासारखी पुढेमागे डोलू लागली. एका खडबडीत वळणावर तर भाच्याने चाक फिरविले तरी गाडीचे नाक सरळच निघाले. समोर बैलगाडी होती. आम्ही तिच्यापासून दोन हातांवर थांबलो. गाडीवान शांतपणे म्हणाला, "काहून बाप्पा, गाडी उड्या मारून राह्यली!"

त्याचे निदान अचूक होते. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया नीट न घातलेला रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो व त्यावर लाटा उठतात. अशा रस्त्यावर चाकाने लाटेबरोबर चढावे आणि उतरावे, हेच स्प्रिंगेचे काम. ती फार कठीण असली, तर चाक लाट गिळण्याऐवजी गाडीलाच उचलते. आखूड असली, तर हालचालीस जागा उरत नाही आणि रबरी ठोकळ्यावर आदळ बसते. चाक जमिनीवर दाबलेले नसेल, तर टायरची पकड कोठून राहणार? गाडी वळवितो तो टायर, स्प्रिंग नव्हे.

भाच्याची दुसरी चूक अशी की, स्प्रिंगा बदलल्या, पण शॉकअप जुनेच ठेवले. दाबलेली स्प्रिंग उसळते. ती उसळी शमविणे हे शॉकअपचे काम. मऊ स्प्रिंगेला पुरणारा शॉकअप कठीण स्प्रिंगेला आवरू शकत नाही.

तिसरी गोष्ट उघड्या गाडीचीच. पेढ्यांचा पुठ्ठ्याचा खोका झाकणासह पिळून पाहा, नंतर झाकण काढून पिळा. छत नसलेल्या गाडीचे तसेच होते. कारखानदार तळाशी जादा पट्ट्या घालून ही उणीव थोडीफार भरून काढतो. तथापि स्प्रिंगेने न गिळलेला धक्का सांगाड्यात शिरला, की सांगाडाच स्प्रिंगेसारखा वळू लागतो. चाकाची थरथर व दारांची करकर ही त्याचीच लक्षणे.

डोलण्याचे कारण निराळे. मॉरिस ऑली या अभियंत्याने 1930 नंतर अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये प्रयोग करून दाखविले की, पुढल्या स्प्रिंगा मागल्यांहून काहीशा मऊ असाव्यात. उंचवटा पुढल्या चाकांना आधी लागतो, मागल्यांना नंतर. मागची बाजू थोडी जलद हलली, तर ती पुढचीला गाठते आणि गाडी सपाट राहते. आमच्या चिरंजीवांनी पुढल्याच स्प्रिंगा अधिक कठीण घेतल्या होत्या. वळणावर पुढल्या बाहेरच्या टायरवर जादा भार पडून नाक सरळ धावले, त्यासही हेच कारण.

उपाय फार खर्चाचा नव्हता. प्रथम टायरांतील हवा कारखान्याने सांगितली तेवढी केली. नंतर मूळ लांबीच्या, थोड्याच कठीण स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे शॉकअप बसविले. झिजलेले रबरी बूश बदलले व सांगाड्याचे बोल्ट आवळले. गाडी आता वळणावर किंचित झुकते. भाचा ते चालवून घेतो.

श्रोतेहो, गाडीचा एक अवयव बळकट केला म्हणजे गाडी बळकट झाली, असे होत नाही. स्प्रिंग, शॉकअप, टायर, सांगाडा आणि खालचा रस्ता हे एकच कुटुंब आहे. त्यांतील एकानेच हट्ट धरला, तर बाकीच्यांना तो सोसावा लागतो. आपल्या गाडीत असा बदल करण्यापूर्वी तिला एकदा हमरस्ता सोडून आडवाटेने, सावकाश, चालवून पाहा. तिला काय हवे आणि काय नको, ते आपली काळी मातीच सांगेल.