कल्पनेच्या राज्यातील दुय्यम नागरिक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्त्री-प्रश्नाचा विचार करताना चळवळीच्या अभ्यासवर्गांतून शेतमजूर स्त्रीची मजुरी, हुंडा, वारसाहक्क हे विषय येतात आणि ते यावयासच हवेत. करमणुकीचा विषय मात्र सहसा येत नाही. खेळ ही फावल्या वेळातील गोष्ट. तीत कसली आली आहे विषमता, असा समज पुरोगाम्यांतही रूढ आहे. ज्यांनी लहानपणी महाभारत ऐकले त्यांचा तरी असा समज असू नये. त्या द्यूतसभेत फासे टाकणारे सारे पुरुष होते आणि पणाला लागली ती स्त्री होती.

आजचा विषय अमेरिकेत जन्मलेल्या एका फाशांच्या खेळाचा आहे. चार-सहा माणसे एका मेजाभोवती बसतात. प्रत्येकजण एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, इतरजण आपापले पात्र काय करील ते बोलून दाखवितात आणि यश की अपयश हे फासा ठरवितो. कोकणातील दशावतारात लिखित संहितेवाचून संवाद उभे राहतात, तसेच काहीसे हे आहे. मात्र येथे प्रत्येक पात्राचे बळ, बुद्धी, छाप ही आकड्यांत मांडलेली असतात आणि ते आकडे कसे ठरवावयाचे याची जाडजूड पोथी असते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे या प्रकारातील आद्य आणि सर्वांत प्रसिद्ध नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या छोट्या गावातून प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या 1000 प्रती निघाल्या. पेटीत तीन पुस्तिका होत्या. पहिलीचे नाव ‘मेन अँड मॅजिक’. इंग्रजीत माणूस आणि पुरुष या दोहोंना एकच शब्द पुरतो, ही सोयही लक्षात घेण्यासारखी आहे.

हा खेळ ज्या छंदातून निघाला तो सैनिकांच्या चिमुकल्या मूर्ती मांडून लढाया लढण्याचा, आणि ती मंडळे जवळजवळ संपूर्णपणे पुरुषांची होती. तथापि खेळ छापला जाण्यापूर्वी गायगॅक्सने घरी त्याची चाचणी घेतली, तेव्हा त्याच्या पहिल्या खेळाडूंत त्याच्या मुलाबरोबर त्याची मुलगीही होती. स्त्रिया या खेळात मागाहून शिरल्या, हे म्हणणे म्हणूनच पहिल्या दिवसापासून खोटे आहे.

आता पोथी काय म्हणते ते पाहावे. 1976 साली कंपनीच्या ‘द ड्रॅगन’ या नियतकालिकात स्त्रियांना खेळात सामावून घेण्याच्या सद्हेतूने एक लेख आला. त्यात स्त्री-पात्रांना ‘छाप’ या गुणाऐवजी ‘सौंदर्य’ देण्यात आले. पुरुषाचे बळ सहा बाजूंच्या तीन फाशांनी ठरे, म्हणजे 18 पर्यंत जाई. स्त्रीसाठी एक आठ बाजूंचा आणि एक सहा बाजूंचा फासा, म्हणजे फार तर 14. 1978 च्या नियमग्रंथात तर सरळ कोष्टकच आले. मानव पुरुष योद्ध्याच्या असामान्य बळाची मर्यादा शंभर टक्क्यांपर्यंत, मानव स्त्रीची पन्नासावर तोडलेली. यक्षिणीसारख्या ‘एल्फ’ वंशाच्या स्त्रीस 16, ‘हाफलिंग’ नावाच्या बुटक्या जमातीच्या स्त्रीस 14. दुसऱ्या वर्षी सूत्रधाराचा ग्रंथ निघाला. त्यात शहरात भेटणाऱ्या वेश्यांचे डझनभर प्रकार फासा टाकून ठरविण्याचे कोष्टक होते.

याचे समर्थन वास्तवाच्या नावाने केले जाई. मध्ययुगात स्त्रिया लढत नव्हत्या, शरीराने त्या दुबळ्या असतात, वगैरे. ज्या जगात सर्प अग्नी ओकतात, प्रेते उठून चालतात आणि मांत्रिक बोटाने वीज पाडतो, त्या जगात पुरुषाइतके बळ असलेली स्त्री तेवढी अवास्तव ठरली! हाफलिंग जमात पृथ्वीवर कधी नव्हती. पण तिच्यातील स्त्री तिच्या पुरुषाहून किती दुबळी, हे ग्रंथकर्त्याला नेमके ठाऊक होते. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून धर्मशास्त्रे रचणाऱ्या पुरुषांना जाब विचारला. त्या शास्त्रकारांना निदान परंपरेचे ओझे होते. येथे तर कोरा कागद होता, कोणतेही जग निर्माण करण्याची मुभा होती, आणि त्या मुभेत पुरुषांनी आपलेच घर पुन्हा बांधले.

स्त्रिया गप्प बसल्या नव्हत्या. लॉस अँजेलिसच्या ली गोल्ड यांनी 1975 साली या खेळाला वाहिलेले ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे हौशी नियतकालिक सुरू केले आणि 2025 पर्यंत, म्हणजे अर्धशतकभर, चालविले. 1979 साली जीन वेल्स कंपनीच्या रचना-विभागात नोकरीस लागल्या; त्या विभागातील त्या पहिल्या स्त्री. पुढच्याच वर्षी त्यांनी किम मोहन या सहकाऱ्याबरोबर ‘ड्रॅगन’मध्ये लेख लिहून खेळात स्त्रियांना समानता का नसावी, असा प्रश्न केला. 1981 साली त्यांनी रचलेली ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ ही साहसकथा छापून तयार झाली आणि कंपनीने ती परत घेऊन नष्ट केली. आक्षेप चित्रांवर होता. एका चित्रात स्वतःच्याच केसांनी बांधलेली स्त्री होती. वादग्रस्त चित्रे वेल्स यांच्या हातची नव्हती. कथा दुसऱ्याकडून नव्याने लिहवून घेण्यात आली आणि वेल्स पुढे कंपनीतून गेल्या. वेश्यांचे कोष्टक ज्या छापखान्याला खुपले नव्हते, त्याला एकाएकी सभ्यता आठवली.

1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत स्त्रियांच्या बळावरील मर्यादा काढून टाकण्यात आल्या. पण संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली म्हणून गावची विहीर त्याच दिवशी खुली झाली नाही, हे या सभेला सांगावयास नको. कोष्टक गेले, मेजाभोवतीची वहिवाट राहिली.

ती वहिवाट कशी असते? नवी स्त्री खेळावयास आली की ती कोणाबरोबर आली, हे आधी विचारले जाते. ती स्वतःहून आली असेल ही शक्यताच सुचत नाही. दहा वर्षे खेळणाऱ्या स्त्रीला काल आलेला मुलगा नियम समजावून सांगतो. जखमा बऱ्या करणाऱ्या पुरोहिताची भूमिका तिच्या वाट्याला आपोआप येते. काल्पनिक रणांगणावरही शुश्रूषा तिनेच करावयाची. तिने योद्धा घेतला तर त्याच्या चिलखताऐवजी वक्षस्थळाची चर्चा होते. सूत्रधार तिच्या पात्रामागे कामुक राजे आणि दारूडे सरदार लावतो. पुरुष खेळाडूच्या पात्राला कैद झाली तर सुटकेचा बेत आखला जातो. तिच्या पात्राला कैद झाली तर निराळ्याच गोष्टी सुचविल्या जातात, आणि मेजाभोवती हशा पिकतो. समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी मिनियापोलिस परिसरातील मंडळांत बसून केलेला अभ्यास 1983 साली ‘शेअर्ड फँटसी’ या नावाने ग्रंथरूपाने आला. खेळाडूंत स्त्रिया शेकडा पाच ते दहाच होत्या, आणि पुरुषांच्या खेळात स्त्री-पात्रांवरील बलात्कार ही करमणुकीची बाब होती, असे त्यात नमूद आहे.

तिने हरकत घेतली की ठरलेले उत्तर येते: खेळच तर आहे. हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे. खेळच आहे, तर तो बदलण्यास एवढा विरोध का? आणि पात्र काल्पनिक असले तरी मेजाशी बसलेली स्त्री काल्पनिक नसते. हशा तिच्या कानांवर पडतो, रात्री घरी परतण्याची वाट तिची असते. हे मंडळ ना कारखाना, ना कार्यालय. येथे तक्रार कोणाकडे करावयाची? म्हणून ती भांडत नाही. पुढच्या आठवड्यात येत नाही, एवढेच. मग मंडळ निष्कर्ष काढते की बायकांना या खेळाची आवडच नसते. गायगॅक्सनेही उतारवयात हेच सांगितले, स्त्री-पुरुषांच्या मेंदूची घडण पुढे करून. हाकलून दिलेल्याची गैरहजेरी हाच त्याच्या नालायकीचा पुरावा मानावयाचा, ही युक्ती दलितांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणाबाबत महाराष्ट्रानेही पाहिली आहे.

त्या निष्कर्षाचे पुढे काय झाले? 2018 च्या सुमारास कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे खेळाडूंत स्त्रिया शेकडा चाळिसाच्या घरात होत्या. मेंदूची घडण चाळीस वर्षांत बदलत नसते.

संख्या वाढली म्हणून प्रश्न मिटला, असेही नाही. 2019 साली बर्मिंगहॅमच्या मोठ्या मेळाव्यात एका सूत्रधाराने खेळाडूंच्या पात्रांवर, पूर्वसूचना न देता, सामूहिक बलात्काराचा प्रसंग लादला. आयोजकांनी त्याचे उरलेले खेळ बंद करून त्याला मेळाव्यातून घालविले. 2020 साली हजारो प्रेक्षकांसमोर प्रक्षेपित होणाऱ्या एका खेळात सूत्रधाराने एका अभिनेत्रीच्या पात्रावर तिच्या संमतीवाचून लैंगिक प्रसंग ओढवला. ती खेळ सोडून गेली.

यावर उपाय निघाले आहेत. 2013 पासून प्रसृत झालेला एक अगदी साधा आहे. मेजाच्या मध्यावर फुलीचे एक कार्ड ठेवतात. कोणीही त्याला स्पर्श केला की चालू प्रसंग वगळावयाचा, कारण विचारावयाचे नाही. यावर काही जुन्या खेळाडूंचा संताप पाहण्याजोगा होता. कल्पनास्वातंत्र्य धोक्यात आले म्हणे. सूत्रधाराला अमर्याद सत्ता होती तोवर स्वातंत्र्याची आठवण कोणाला झाली नव्हती. मात्र कार्डाची मर्यादाही ओळखली पाहिजे. एकटी स्त्री, भोवती पाच पुरुष, अशा मेजावर कार्डाला हात लावण्यासही धैर्य लागते. 2024 साली कंपनीने खेळाच्या उगमावरील ग्रंथाच्या प्रास्ताविकात मूळ लेखनातील स्त्रीद्वेषाचा स्पष्ट उल्लेख केला, तेव्हा एलॉन मस्कसारखा धनाढ्य भांडवलदार गायगॅक्सच्या बचावास जाहीरपणे धावला.

स्त्रियांनी वेगळी मेजे मांडावीत की असलेल्या मेजावरच हक्क सांगावा, हा वाद तिकडेही आहे. वेगळे मेज श्वास घेण्यास जागा देते आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण नियमग्रंथ कोण लिहितो, मेळाव्यात सूत्रधार कोण नेमतो, ही सत्ता वेगळ्या मेजावर येत नाही. ती जेथे आहे तेथेही हालचाल झाली आहे. अशाच खेळांचे ग्रंथ छापणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातील पायझो या कंपनीत कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल माजी कर्मचाऱ्यांनी जाहीर तक्रारी केल्या आणि ऑक्टोबर 2021 मध्ये कामगारांनी आपली संघटना घोषित केली. बाहेरून मजकूर लिहून देणाऱ्या अनेक लेखकांनी, स्वतः त्या संघटनेचे सभासद नसताना, तिला मान्यता मिळेपर्यंत लेखणी खाली ठेवली. मालकांनी आठवड्याभरात मान्यता दिली.