दारू, आत्महत्या आणि आनुवंशिकता

दारूचे व्यसन आणि आत्महत्या या दोन्ही गोष्टी काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतात. ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ असे म्हणून लोक विषय मिटवतात. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. देशातील सुमारे ७ टक्के आत्महत्यांपुढे व्यसन हे कारण लिहिलेले आहे. मात्र नोंदीत एका मृत्यूला एकच कारण मिळते. ‘कौटुंबिक समस्या’ या रकान्यात गेलेल्या कित्येक घरांत भांडणाचे मूळ दारू असू शकते.

रक्ताचा वाटा किती आणि संगतीचा किती, हे वेगळे काढायला दत्तक मुलांचा अभ्यास उपयोगी पडतो. डेन्मार्कमधील अशा एका अभ्यासाचे निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. आई किंवा बाप व्यसनी असलेली मुले तान्हेपणीच परक्या घरी वाढली, तरी त्यांच्यातील व्यसनाचे प्रमाण इतर दत्तक मुलांच्या सुमारे चौपट निघाले. १९७९ मध्ये तेथीलच दुसऱ्या अभ्यासात आत्महत्या केलेल्या दत्तकांच्या २६९ रक्ताच्या नातेवाइकांपैकी १२ जणांनी आत्महत्या केलेली आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच नातेवाइकांत ही संख्या २ होती.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागात राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या समाजात दारूचे प्रमाण अत्यल्प. तेथे १८८० ते १९८० या शतकात २६ आत्महत्या झाल्या आणि त्यांतील जवळपास तीन चतुर्थांश चार घराण्यांत घडल्या. मनोविकारांचे प्रमाण भरपूर असूनही आत्महत्या न झालेली घराणीही तेथे होती. म्हणजे आत्महत्येकडे नेणारा आनुवंशिक कल नैराश्याहून काही अंशी निराळा आहे आणि तो दारूवाचूनही असू शकतो.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनातील आनुवंशिक वाटा सुमारे ५० टक्के, तर आत्मघाती वर्तनातील ३० ते ५५ टक्के मानला जातो. हे आकडे समाजातील माणसामाणसांतल्या फरकाचे आहेत. अमुक एकाचे निम्मे व्यसन बापाकडून आले, असा त्यांचा अर्थ होत नाही.

दारूचे किंवा आत्महत्येचे असे एकच जनुक नाही. अनेक जनुकांचा प्रत्येकी अगदी थोडा वाटा असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या सुमारे ४४ हजार व्यक्तींची जनुकीय माहिती तपासली गेली, तेव्हा जनुकसंचात संबंधित अशी १२ ठिकाणे सापडली. दारूचे व्यसन, नैराश्य आणि उतावळा स्वभाव यांच्याशी आत्मघाती वर्तनाचा जनुकीय वारसा काही अंशी सामाईक आहे. वारशाने येतो तो हा कल: मन लवकर खचणे, आवेग न आवरणे. दारू तोच आवेग मोकळा सोडते.

फिनलंडमधील एक उदाहरण बोलके आहे. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित ‘एचटीआर२बी’ जनुकातील एक बदल तेथील लोकांत आढळतो. तो असलेल्या हिंसक गुन्हेगारांच्या हातून बहुतेक गुन्हे दारूच्या नशेत घडले होते, असे २०१० मध्ये दिसून आले. पण हाच बदल असलेले फिनलंडमध्ये लाखभर लोक आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला असे काही येत नाही.

असे बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. त्यामुळे जनुकचाचणी करून मराठी माणसाचा धोका सांगणे आज शक्य नाही. उपयोगाचा आहे तो घराण्याचा इतिहास, आणि त्याला पैसा लागत नाही.

जनुके बदलता येत नाहीत, दारू थांबवता येते. पुण्याच्या येरवड्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे पेशंटबरोबर त्याच्या घरच्यांनाही उपचारात सामावून घेतले जाते. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत संवाद साधला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांतील ३६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

नशेत ‘मी जीव देईन’ म्हणणाऱ्याबद्दल घरचे ‘प्यायला की बोलतोच तो’ म्हणतात. ज्या घरात पूर्वी आत्महत्या झाली आहे, तिथे हे वाक्य कधीही हसण्यावारी नेऊ नये. उतरल्यावर शांतपणे ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत. ते घरातल्या प्रत्येकाकडे असावेत.