आमदारांना विचारलं, गटात कधी विचारणार?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



२० नोव्हेंबर २०२४ ला आपण विधानसभेच्या मतदानाला रांगेत उभ्या होतो. २३ ला निकाल लागला. आपल्या जिल्ह्यातल्या तिन्ही जागांवर आधीचेच आमदार परत आले. हिंगोलीत तानाजी मुटकुळे, कळमनुरीत संतोष बांगर, वसमतमध्ये राजू नवघरे. मुटकुळे तर २०१४ पासून सलग तिसऱ्यांदा.

मत कोणाला दिलं ते जिचं तिच्यापाशी. मी तो विषय काढत नाही. पण तीनदा निवडून येणाऱ्यालाही तीनदा आपल्यासमोर हात जोडावे लागले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. मधे १९७२ ला आणि १९९५ ला ते हरलेही. लोकांनी घरी बसवलं, लोकांनीच परत पाठवलं.

आता आपल्या गटाकडं बघू. परवा एका गटात मी विचारलं, अध्यक्ष कधी बदलल्या? गट निघाल्यापासून त्याच ताई. हिशोब चोख, बैठक वेळेवर. बैठक उठल्यावर एक मावशी हळूच म्हणाल्या, "आम्हाला कुणी विचारलंच नाही बाई. अन् बोलावं कसं? कर्जाला तिचीच सही लागते."

यात त्या ताईंचा दोष नाही. बँकेत सह्या बदलायच्या म्हणजे ठराव, कागदपत्रं, चकरा. म्हणून आपणच म्हणतो, राहू द्या, तुम्हीच करा.

मी तुमच्या लेकीच्या वयाची, तरी एक मागते. पुढच्या वार्षिक बैठकीत हात वर करायला लावू नका. डब्यात चिठ्ठ्या टाका. लिहिता येत नसेल तर एका नावाला फूल, दुसऱ्याला घागर अशी खूण ठरवा. जुन्याच ताई आल्या तर मानानं बसतील, कारण आता त्यांना सगळ्यांनी निवडलेलं असेल. नवीन कुणी आल्या तर जुन्या ताईंनी दोन-तीन महिने सोबत बँकेत जावं, दप्तर समजावून द्यावं.

विधानसभेत २८८ आमदार. २०२४ ला त्यात बाया फक्त २१ निवडून आल्या, आपल्या तीन जागांवर एकही नाही. उद्या आपल्यातली कुणी तिथं जायची असेल, तर उभं राहायची, हरायची अन् परत उभं राहायची सवय गटातच लागणार आहे.