मोटारीचे दुखणे आणि घरचे निदान

हैदराबादच्या वायव्येस असलेल्या कुकटपल्लीत गृहसंकुलाच्या खालच्या तळघरात मोटारी उभ्या करण्याची रीत आहे. त्या तळघराला तेथे सर्रास सेलर असे म्हणतात. सकाळी कचेरीला निघण्याच्या वेळी या सेलरमध्ये एक देखावा अधूनमधून हमखास पाहावयास मिळतो. एखादी मोटार सुरू होण्यास साफ नकार देते. मालक पुन:पुन्हा किल्ली फिरवीत असतो. भोवती जमलेल्या शेजाऱ्यांपैकी एकजण बॅटरी गेली असे सांगतो, दुसरा पेट्रोलच्या पंपाला दोष देतो आणि पहारेकरी धक्का मारण्यास पुढे सरसावतो. शेवटी मेकॅनिकला दूरध्वनी जातो. तो येतो, नवी बॅटरी बसवितो, चार-पाच हजार रुपये घेऊन जातो, आणि पंधरवड्याने तीच मोटार त्याच जागी पुन्हा तशीच रुसून बसते. पुष्कळदा जुन्या बॅटरीत काहीच बिघडलेले नसते. तिच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढरट-हिरव्या क्षाराने विजेची वाट अडविलेली असते, किंवा तिला भरणारे यंत्रच निकामी झालेले असते. उपाय झालेला असतो; निदान मात्र राहून गेलेले असते.

घरच्या घरी मोटार दुरुस्त करणे म्हणजे हातात पाना घेऊन गाडीखाली शिरणे, अशी अनेकांची समजूत आहे. ती बरोबर नाही. घरी करता येण्याजोगा आणि करावयास हवा असा खरा भाग निदानाचा आहे, आणि त्याला हत्यारांपेक्षा डोळे, कान व थोडा धीर हीच सामग्री अधिक लागते.

या विद्येचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी मोटारीने निघाल्या. अंतर सुमारे १०४ किलोमीटरचे. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा त्यांनी टोपीच्या पिनेने ती मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, तेव्हा मोज्याच्या बंदाने ती गुंडाळली. परंतु ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा मात्र त्यांनी स्वत: खटाटोप न करता एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आपल्या हाती काय ठेवावे आणि कारागिराच्या हाती काय द्यावे, याचा विवेक त्या पहिल्याच लांबच्या प्रवासात दिसून येतो.

अँबॅसडर आणि पद्मिनी या गाड्यांच्या काळी मोटारीचा मालक हा बहुधा अर्धा मेकॅनिक असे. कार्ब्युरेटर उघडून फुंकणे, प्लग काढून पुसणे ही कामे तो रस्त्याच्या कडेला उरकीत असे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. आजच्या मोटारीचे झाकण उघडले तर काळ्या आवरणाखेरीज फारसे काही दिसत नाही, आणि म्हणून आपल्याला यातले काही कळावयाचे नाही असे म्हणून मालक ते मिटून टाकतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आजची मोटार आपले दुखणे स्वत:च सांगते. भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींमध्ये प्रगत स्वनिदानाची व्यवस्था सक्तीची झाली. स्टिअरिंगखाली सोळा टोकांचा एक जोड असतो. त्यात हजार-दोन हजार रुपयांचे वाचक-यंत्र बसविले की दोषाचा सांकेतिक क्रमांक भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उमटतो. मात्र हा क्रमांक तक्रार सांगतो, कारण सांगत नाही, हे पक्के ध्यानी धरावे. ‘पी ०१७१’ याचा अर्थ इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते, इतकाच. त्याचे मूळ एखाद्या महागड्या संवेदकात असू शकते, तसेच चिरलेल्या रबरी नळीतही असू शकते. ती नळी डोळ्यांनी न पाहता संवेदक बदलणे म्हणजे ताप आला म्हणून तापमापक बदलण्यासारखे आहे. शिवाय मेकॅनिकने पाहण्यापूर्वी हे क्रमांक पुसून टाकण्याची घाई करू नये. ती पुराव्याची विल्हेवाट ठरते.

सुरू न होणाऱ्या मोटारीचे निदान क्रमाने करावयाचे असते. प्रथम इंधनाचा काटा पाहावा. हे सांगणे हास्यास्पद वाटते, पण तो न पाहता मेकॅनिकला बोलावणारे लोक आहेत. स्वयंचलित गिअरची गाडी असेल तर दांडा योग्य जागी आहे ना, हेही पाहावे. नंतर समोरचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले किंवा भराभर टकटक असा आवाज आला, तर वीज अपुरी पडते आहे: बॅटरी उतरली आहे अथवा तिचे जोड सैल किंवा क्षारलेले आहेत. दिवे लख्ख राहिले आणि एकच ‘टक्’ असा आवाज झाला, तर संशय स्टार्टरवर जातो. इंजिन नेहमीच्या वेगाने गरगरते पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे. दोष इंधनात किंवा ठिणगीत शोधावा. अवघ्या एका मिनिटाच्या या परीक्षेने पुष्कळसा खर्च वाचतो.

जोडीला काही शे रुपयांचे व्होल्टमापक असेल तर निदान अधिक नेमके होते. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिती झाली असे समजावे. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत हाच आकडा १३.८ ते १४.५ पर्यंत चढावयास हवा. तो जर चढलाच नाही, तर वीज निर्माण करणारा आल्टरनेटर काम करीत नाही, आणि अशा मोटारीत कितीही नवी बॅटरी घातली तरी ती दोन दिवसांत उतरणारच. टर्मिनलवरील क्षार काढण्यास खाण्याचा सोडा कालविलेले कोमट पाणी व जुना दातांचा ब्रश पुरतो. जोड सोडविताना ऋण बाजूचा आधी सोडवावा आणि लावताना तो शेवटी लावावा. कारण मोटारीचा सारा सांगाडा ऋण बाजूस जोडलेला असतो. धन बाजूवर पाना चालविताना तो सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीभोवती हायड्रोजन वायू असण्याचा संभव असतो. दख्खनच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर मरते तीही उष्णतेनेच. थंडीत तिचा अशक्तपणा केवळ उघडकीस येतो.

उष्णतेचा विषय निघाला म्हणजे कुकटपल्लीचा रस्ता आठवावाच लागतो. पुण्याहून सोलापूर, उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी, पटनचेरू असा येणारा जुना मुंबई रस्ता, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग ६५, याच उपनगरातून हैदराबादेत शिरतो. त्यावरून नोव्हेंबर २०१७ पासून मेट्रो धावते. खाली मोटारींची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. सोलापूरपासून सुमारे तीनशे किलोमीटर बिनतक्रार आलेली मोटार नेमकी येथे, मुक्काम डोळ्यांपुढे आला असता, तापते; काटा लाल रेषेकडे झुकतो. मालकाला वाटते की लांबच्या प्रवासाने इंजिन थकले. इंजिन थकत नसते. महामार्गावर समोरून येणारा वारा रेडिएटरला गार ठेवीत होता. रांगेत वारा थांबला आणि ते काम विजेच्या पंख्यावर पडले, तो पंखा कदाचित अनेक आठवड्यांपासून बंदच असेल. गर्दीत तापते व धावताना निवते, तर पंखा पाहावा. धावतानाही तापते, तर शीतक द्रव कमी झाला आहे किंवा थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप यांत दोष आहे, असा साधारण आडाखा आहे. पंख्याची परीक्षा घरी सहज होते: बहुतेक मोटारींत इंजिन सुरू ठेवून वातानुकूलन लावले की थोड्याच वेळात पंखा फिरू लागावयास हवा. न फिरला तर आधी त्याचा फ्यूज व रिले तपासावे. ही परीक्षा उघड्या हवेत घ्यावी. बंद सेलरमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. पंख्याच्या पात्यांपासून बोटे दूर ठेवावीत, कारण इंजिन बंद असतानाही तो अवचित फिरू शकतो.

रस्त्यात काटा चढलाच तर वातानुकूलन बंद करून गाडीतील उबेचा झोत पूर्ण सोडावा. आत बसणाऱ्यांचा जीव नकोसा होतो खरा, पण इंजिनाची उष्णता तितकी बाहेर पडते. तरीही काटा उतरत नसेल, तर गाडी कडेला घेऊन थांबवावी आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे, तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरमधील द्रव मात्र दाबाखाली असल्यामुळे त्याहून पुष्कळ अधिक तापूनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो, द्रव क्षणात वाफ होऊन उसळतो आणि चेहरा व हात भाजतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. नंतर घालावयाचे पाणीही बोअरचे नसावे. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. हिरवा-गुलाबी शीतक द्रव चवीला गोडसर असतो व अत्यंत विषारी असतो. सेलरमध्ये सांडलेले थारोळे कुत्र्या-मांजरांनी चाटण्यापूर्वी धुऊन काढावे, आणि डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

गळतीच्या निदानास तर जुने वृत्तपत्रच पुरते. रात्री ते मोटारीखाली पसरून ठेवावे व सकाळी डाग वाचावेत. तपकिरी-काळा डाग इंजिनाच्या तेलाचा, हिरवा किंवा गुलाबी शीतक द्रवाचा, आणि नुसत्या पाण्याचा असेल तर तो बहुधा वातानुकूलनातून ठिबकलेल्या थेंबांचा, म्हणजे निरुपद्रवी. चाकाजवळ फिकट पिवळा, बुळबुळीत डाग दिसला तर मात्र तो ब्रेकच्या तेलाचा असण्याचा संभव आहे. ती मोटार जागेवरून हलवू नये.

टायरविषयी थोडक्यात इतकेच, की हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी पडली, मधला भाग झिजला तर ती जास्त झाली, एकच कड झिजली तर चाकांची दिशा चुकली आहे. आणि मागच्या डिकीतील स्टेपनीचीही हवा पाहावी. ती सर्वांत उपेक्षित. या शब्दाचा उगम वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर आहे. तेथील एका कारखान्याने १९०४ च्या सुमारास जादा चाक विकावयास आरंभ केला. तो कारखाना केव्हाच विस्मृतीत गेला, रस्त्याचे नाव मात्र भारतातील पंक्चरवाल्यांच्या तोंडी राहिले.

सेलरचा एक खास शत्रू म्हणजे उंदीर. काल ठीक असलेली मोटार आज अकारण धक्के देऊ लागली, किंवा इशाऱ्याचे चार दिवे एकदम उजळले, तर झाकण उघडून कुरतडलेल्या तारा व लेंड्या आहेत का ते आधी पाहावे. फ्यूज जळाला असेल तर त्याच अंकाचा नवा बसवावा. दहाचा सतत जळतो म्हणून वीसचा बसविणे हा आत्मघात होय. मग फ्यूज वाचतो आणि तार पेटते.

ब्रेक, सुरक्षेच्या हवाई पिशव्या, वातानुकूलनातील वायू, आणि विजेवर किंवा संमिश्र शक्तीवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी रंगाच्या जाड तारा यांस घरी हात लावू नये. गाडी केवळ जॅकवर उचललेली असताना तिच्याखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. तेथे निरीक्षण करावे, काय दिसले, केव्हा ऐकू आले, इंजिन थंड होते की गरम, हे कागदावर टिपावे आणि तो कागद मेकॅनिकच्या हाती द्यावा. चांगल्या कारागिराला अशा गिऱ्हाइकाचा आनंदच होतो.

एका प्रसंगी तर काहीच न करणे हीच दुरुस्ती ठरते. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री हैदराबादवर विलक्षण पाऊस कोसळला. बेगमपेठ येथे चोवीस तासांत १९ सेंटीमीटरहून अधिक नोंद झाली. शहरातील कितीतरी सेलरमध्ये पाणी भरले आणि मोटारी बुडाल्या. अशा वेळी पाणी ओसरल्याबरोबर मालकाचा हात पहिल्याने किल्लीकडे जातो, गाडी चालते का एवढेच पाहावे म्हणून. इंजिनाच्या नळकांड्यांत पाणी शिरले असेल, तर तो एक प्रयत्न पुरेसा असतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला पोलादी दांडा वाकतो. जी मोटार धुऊन, सुकवून, तेले बदलून पुन्हा चालली असती, तिचे इंजिन त्या क्षणी मोडीत निघते. विमा कंपनीही पुष्कळदा अशा नुकसानीस मालकाच्या कृतीचा परिणाम ठरविते. म्हणून बुडालेल्या मोटारीची किल्ली फिरवू नये. पाणी पूर्ण उतरल्यावर, विजेची भीती नाही याची खात्री करून घेऊन, बॅटरीचा ऋण बाजूचा जोड सोडवावा. पाणी कोठवर चढले होते त्या रेषेचे छायाचित्र घ्यावे. मग तेलाची कांडी बाहेर काढून पाहावी. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर इंजिनात पाणी गेले आहे. तसे न दिसले तरी हवेची गाळणी ओली आहे का, ते पाहावे. दोहोंपैकी काहीही आढळले तर ती मोटार चाकांवर ओढून न नेता, सपाट मालमोटारीवर चढवून कारखान्यात पाठवावी.