घरी जोडलेली गाडी आणि विम्याचा कागद

 

आज आपण गाडीविषयी बोलणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात गाडी कशाला, असं कुणी विचारेल. पण गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या वाचल्या जातात तेव्हा गाडीचा विषय निघतोच. कुणाचा मुलगा आयटीआय करून आलाय आणि अंगणात जुन्या मोटारसायकलच्या इंजिनावर चारचाकी जोडतोय. कुणाच्या यजमानांनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे ट्रॉली बांधायला टाकलीय. कुणाला जुन्या टेम्पोवर वडापावची गाडी बनवायचीय. कष्टाचं काम आहे, हौसही आहे, आणि पैसे गटाचे आहेत. म्हणून पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. ही गाडी तयार झाल्यावर तिचा विमा निघेल का? आणि तयार होईपर्यंत घराचं, सामानाचं, माणसाचं काही झालं तर भरपाई कुठून येईल?

आपल्या भागातल्या माणसांच्या हातात कसब आहे, यात शंका नाही. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून आपल्याला माहीत आहे. त्याच गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून छोटी जीपसारखी गाडी बनवली. मोटारसायकलसारखी किक मारून ती सुरू व्हायची. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्या गाडीचं जाहीर कौतुक केलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. ही गोष्ट सगळ्यांना आठवते. पण महिंद्रांनी त्याच वेळी हेही म्हटलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल. हा दुसरा भाग फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. आणि प्रत्येक घरी जोडलेल्या गाडीच्या बदल्यात दारात बोलेरो येत नसते.

आता विमा का अडतो ते समजून घेऊ. विमा कंपनी पॉलिसी काढते ती चासी नंबर, इंजिन नंबर आणि आरटीओकडची नोंदणी बघून. आपण ज्याला पासिंग म्हणतो ते झालं, तर विमा. रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांसाठी आपल्याकडे नियम असा आहे की गाडी बनवणाऱ्याने आधी नमुना गाडी सरकारमान्य संस्थेकडे तपासायला द्यायची. अशी एक मोठी संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे. ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग, सगळ्याची परीक्षा होते. कंपन्यांना हे परवडतं, कारण एक नमुना पास झाला की त्या हजारो गाड्या विकतात. अंगणात जोडलेल्या एका गाडीला हा खर्च झेपत नाही. तपासणी नाही म्हणून नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणून विमा नाही.

इंग्लंडमध्ये वेगळी पद्धत आहे. तिथे गाडीच्या सुट्या भागांचा संच विकत घेऊन ती घरच्या शेडमध्ये जोडण्याची जुनी हौस आहे. लोटस सेव्हन नावाची गाडी १९५७ पासून अशा संचात मिळायची. तिथे एकेका गाडीची सरकारी तपासणी करून तिला नंबर देण्याची सोय आहे. आणि विमा कंपन्या गाडी जोडली जात असतानाही आग आणि चोरीसाठी संरक्षण देतात. जसजसे भाग येतील तसतशी त्यांची किंमत पावत्या दाखवून विम्यात वाढवून घेता येते. आपल्याकडे ही वाट नाही. पण त्यांची एक सवय आपण नक्की घेऊ शकतो. प्रत्येक भागाची पावती आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो जपून ठेवायचा.

काही जणी म्हणतील, आमची गाडी तर जुगाड आहे, तिला कुठला कायदा? २०१३ मध्ये राजस्थानातल्या एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की जुगाड हे मोटार वाहनच आहे आणि त्याला मोटार वाहन कायदा लागू होतो. कायद्यात सूट आहे ती चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेल्या वाहनाला. मोटारसायकलचं इंजिन १०० सीसी आणि त्याहून जास्त असतं. त्यामुळे ही सूट आपल्या कामाची नाही.

पोलिसांनी पकडलं तर दंड भरू, असंही घरातली माणसं म्हणतात. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडलं तर दंड ४,००० रुपये. नोंदणी नसल्याचा दंड वेगळा. पण मैत्रिणींनो, दंडाची रक्कम ही यातली सगळ्यात लहान गोष्ट आहे.

थर्ड पार्टी विमा म्हणजे काय, ते आपण पुन्हा एकदा समजून घेऊ. आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणाचा जीव गेला, तर त्याच्या घरच्यांना भरपाई देण्यासाठी हा विमा असतो. तो प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. अपघातग्रस्ताचं कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातं. कमावता माणूस गेला तर त्याचं वय, कमाई, मागे किती माणसं, असा हिशेब होतो आणि रक्कम सहज लाखांमध्ये जाते. विमा असेल तर कंपनी भरते. विमा नसेल तर गाडीच्या मालकाने भरायची. नाही भरली तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. म्हणजे प्रश्न सातबाऱ्यापर्यंत येतो. शिवाय समोरच्या घरातलीही एक बाई असते. तिचा नवरा किंवा मुलगा गेलेला असतो, आणि गाडीवाल्याकडे द्यायला काही नसलं तर तिच्या हातात फक्त निकालाचा कागद राहतो.

यात मालक कोण, हेही बघा. पुष्कळ घरांत मोटारसायकल बाईच्या नावावर घेतलेली असते. त्याच मोटारसायकलचं इंजिन काढून नव्या गाडीत बसवलं, तर जुन्या गाडीचा विमा नव्या गाडीला लागू होत नाही. तो त्या मोटारसायकलचा असतो, इंजिनाबरोबर तो येत नाही. आणि मोटारसायकल मोडून टाकली तर आरसी बुक घरात पडून ठेवायचं नाही. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असं कायदा सांगतो. भंगारवाल्याला दिली तरी आधी हे काम करा. आपल्या नावावरची गाडी कुठे, कुणाच्या हातात आहे, हे आपल्याला माहीत हवं.

मग काय करायचं? मुलाच्या हातातली कला मारायची का? मुळीच नाही. गाडी शिकण्यासाठी, प्रदर्शनासाठी, स्पर्धेसाठी बनवत असेल तर बनवू द्या. फक्त ती रस्त्यावर आणायची नाही, आणि गटाचं कर्ज त्या गाडीच्या कमाईवर फिटेल असा हिशेब धरायचा नाही. रोजीसाठी गाडी हवी असेल तर नियमात बसणाऱ्या वाटा आहेत. त्या आम्ही एकेक सांगतो.

पहिली वाट, कंपनीची चासी घेऊन वर बॉडी बांधणे. ट्रक आणि पिकअप अशाच बांधल्या जातात. चासीला तात्पुरती नोंदणी मिळते आणि शोरूममधून बाहेर निघतानाच तिचा विमा हवा. इथे एक गोष्ट विसरली जाते. सुरुवातीला विमा चासीच्या किमतीचा असतो. बॉडीवर आणखी लाख-दीड लाख खर्च झाले आणि कंपनीला कळवलंच नाही, तर नुकसानीच्या वेळी बॉडीचे पैसे मिळत नाहीत. म्हणून बॉडीचं पक्कं बिल घ्यायचं, कंपनीला द्यायचं आणि पॉलिसीत वाढीव किमतीची नोंद करून घ्यायची. त्या नोंदीचा कागद हातात आल्याशिवाय काम झालं असं समजायचं नाही. गाडी बॉडीवाल्याच्या शेडमध्ये उभी असताना आग लागली, चोरी झाली तर काय, हेही विमा घेतानाच विचारायचं.

दुसरी वाट, नोंदणी असलेल्या जुन्या गाडीत बदल करणे. वडापावची गाडी या प्रकारात येते. कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने फेरफार करता येत नाही. कापाकापी करण्याआधी आरटीओत जाऊन कोणता बदल चालेल ते विचारायचं. बदल झाल्यावर आरसीवर नोंद, आणि मग विमा कंपनीकडे नोंद. सीएनजी किटचंही तसंच. किट आरसीवर चढवायचं आणि विम्यातही. जुन्या मोटार दरपत्रकात किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टी भागासाठी ६० रुपये जादा धरलेले आहेत. एवढ्या पैशांसाठी नोंद टाळली, तर उद्या कंपनी दावा नाकारायला मोकळी. गाडीतली शेगडी, फ्रीज, भांडी मात्र गाडीच्या विम्यात आपोआप येत नाहीत. त्यांचं वेगळं विचारायचं.

तिसरी गोष्ट ट्रॉलीची. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचा झाला, असं नसतं. ट्रॉलीचीही नोंदणी लागते आणि पॉलिसीत तिचा उल्लेख लागतो. म्हणून बांधणाऱ्याकडे मान्यतेचा कागद आहे का, हे सळई कापण्याआधी विचारा. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामासाठी असतो. ट्रॉलीत वऱ्हाड बसवून लग्नाला नेलं आणि ट्रॉली उलटली, तर कंपनी जबाबदारी नाकारू शकते. ट्रॉलीत बसणाऱ्या जास्त करून आपणच असतो, म्हणून हे आवर्जून सांगितलं.

आता गाडी घरी जोडली जात असतानाचं बोलू. अंगणात वेल्डिंग चालू आहे, शेजारी पेट्रोलचा कॅन, कडब्याची गंज आणि गोठा. यासाठी गाडीचा विमा उपयोगी नाही. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि छोट्या उद्योगासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ अशा ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळतात. आग, पूर, वादळ, भूकंप यांपासून त्या संरक्षण देतात. चोरीची भरपाई मात्र अशा आपत्तीनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतीच असते. रात्रीतून इंजिन उचलून नेलं तर ते त्यात बसत नाही, त्यासाठी घरफोडीचा वेगळा विमा लागतो. आणि घरात वेल्डिंगचं काम चालतं हे अर्ज भरतानाच सांगायचं. लपवलं तर भरलेला हप्ता वाया जाऊ शकतो.

माणसाचा विमा सगळ्यात आधी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात. वय १८ ते ७० हवं. वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख रुपये मिळतात. दवाखान्याचा खर्च यात नाही, हे लक्षात ठेवा. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसले तर विमा बंद पडतो. म्हणून मे महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीचं पासबुक बघायचं, असा ठरावच करून टाका.

गटासाठी आमची सूचना अशी. गाडीसाठी कर्जाची मागणी आली की इतिवृत्तात पाच गोष्टी लिहून घ्या. गाडी कोणाच्या नावावर होणार? तिचं पासिंग होईल असं आरटीओतून विचारून आले का? विमा कोणत्या दिवसापासून सुरू होणार आणि हप्ता कर्जाच्या हिशेबात धरला आहे का? काम करणाऱ्या माणसाचा अपघात विमा आहे का? पावत्या आणि फोटो कोण ठेवणार? उत्तरं मिळेपर्यंत पैसे थांबवा. यात त्या ताईवर अविश्वास नाही. घरात जे विचारायला तिला संकोच वाटतो, ते गटाच्या नावाने तिला विचारता येतं. ‘गटाने कागद मागितलाय’ एवढं सांगितलं की घरची माणसं आरटीओची पायरी चढतात, हे आपण पाहिलं आहे.

विम्याच्या पैशांबाबत कंपनी दाद देत नसेल तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. त्यानंतर विमा नियामक मंडळाचा १५५२५५ हा फोन नंबर आहे, आणि पुण्यात आणि मुंबईत विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

येत्या बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा आणि ज्यांच्या दारात ट्रॉली किंवा टेम्पो उभा आहे त्यांनी पॉलिसीचा कागद घेऊन यावं. त्यावर गाडीचा नंबर, मालकाचं नाव आणि संपण्याची तारीख, एवढ्या तीन ओळी मिळून वाचा. काही अडलं तर ग्रामसंघाच्या बैठकीत कागद घेऊन या, आपण एकत्र बसून बघू.