धुण्याची यादी आणि सिलिकॉनची चकती

काही वर्षांपूर्वी एका जुन्या छापखान्यात मी एक दगड पाहिला. भिंतीला टेकवून ठेवलेली, चार बोटे जाडीची, पिवळसर राखाडी पाटी. हात फिरवला तर थंडगार आणि इतकी गुळगुळीत, की हा दगड आहे हे बोटांना पटेना. तिरप्या उजेडात तिच्यावर पुसट अक्षरे दिसली. देवनागरीच, पण आरशात दिसावीत तशी उलटी. ती शिळाप्रेसची शिळा होती. आज बोलायचे आहे ते तिच्याविषयी, कारण तुमच्या हातातला मोबाइल ज्या चिपवर चालतो, ती चिप या शिळेच्याच घराण्यातली आहे.

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या बव्हेरियात, १७९६ साली. आलोइस सेनेफेल्डर नावाचा तरुण नाटके लिहीत असे. ती छापून घ्यायला पैसे नव्हते, म्हणून छपाईची स्वस्त युक्ती तो स्वतःच शोधत होता. उलटी अक्षरे गिरवण्यासाठी त्याने त्या भागात मिळणारी चुनखडीची पाटी घेतली होती. पुढे त्यानेच सांगितलेली हकीगत अशी की, एके दिवशी आई म्हणाली, धुण्याच्या कपड्यांची यादी लिहून घे, बाई खोळंबली आहे. हाताशी कागदाचा कपटाही नव्हता. मेण, साबण आणि काजळी यांची शाई मात्र तयार होती. त्याने यादी पाटीवरच लिहिली, आणि पुसण्याआधी त्याच्या मनात आले, यावर तेजाब ओतले तर? तेजाबाने उघडा दगड खाल्ला आणि शाईने झाकलेली अक्षरे किंचित उठून राहिली.

खरा शोध त्यानंतर दोन वर्षांनी लागला. अक्षरे उठावाची नसली तरी चालते, हे त्याच्या लक्षात आले. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढे पुरते. स्निग्ध शाईने दगडावर लिहा, मग दगड पाण्याने ओला करा. कोरा भाग पाणी धरून ठेवतो, लिहिलेला भाग पाणी झिडकारतो. आता शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त अक्षरांवर बसते. वर कागद ठेवून दाब दिला, की छाप तयार. ग्रीक भाषेत दगडाला ‘लिथॉस’ म्हणतात, त्यावरून या कलेला लिथोग्राफी हे नाव पडले. आपण तिला शिळाछाप म्हटले.

ही कला मुंबईत पोचली आणि मराठीला फळली. देवनागरीची जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या यांचे शेकडो खिळे ओतणे हे खर्चाचे काम होते. शिळेला खिळे लागत नाहीत, लेखनिकाचे वळणदार अक्षर जसेच्या तसे उमटते. अमेरिकन मिशनची छापील पुस्तके पाहून गणपत कृष्णाजी यांनी खटपटीने स्वतःचा शिळाप्रेस उभा केला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापील कागदाला शिवायचे नाही, कारण शाईत चरबी असते, असे म्हणणारे लोक तेव्हा होते. गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले, असे सांगतात. यातले विज्ञान पाहा. शिळेला हवी फक्त स्निग्धता, मग ती चरबीची असो की तुपाची.

इकडे फ्रान्समध्ये जोसेफ निसेफोर निएप्स नावाच्या गृहस्थांना शिळाछपाईचे वेड लागले होते. त्यांना चित्र चांगले काढता येत नसे. मग चित्र काढायचे काम सूर्यप्रकाशाकडूनच का करून घेऊ नये, असा विचार त्यांनी केला. एका जातीचे डांबर उजेडात कडक होते, हे माहीत होते. ते लव्हेंडरच्या तेलात विरघळवून त्यांनी धातूच्या पत्र्यावर त्याचा पातळ थर दिला आणि पत्रा कॅमेऱ्यात ठेवला. जिथे उजेड पडला तिथे डांबर घट्ट झाले, बाकीचे तेलाने धुऊन निघाले. १८२६-२७च्या सुमारास त्यांनी आपल्या खिडकीतून दिसणारी छपरे अशी टिपली. निसर्गदृश्याचे आज शिल्लक असलेले सर्वांत जुने छायाचित्र ते हेच. शिळाछपाईच्या नादातून छायाचित्रणाची वाट निघाली.

शिळाछपाईच्या दगडाची आणखी एक फांदी सांगतो. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतली चुनखडी छपाईसाठी उत्तम. पाटी निर्दोष हवी, म्हणून थर न् थर माणसांच्या हातांनी सुटा होत असे आणि नजरेखालून जात असे. १८६१ साली त्या भागातल्या खाणीत, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत एका प्राण्याचा जीवाश्म निघाला. अंगावर पक्ष्याची पिसे, शेपटी मात्र सरपटणाऱ्या प्राण्यासारखी लांब, हाडांची, आणि पंखांना नखे. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यामधला दुवा छपाईच्या दगडात सापडला. त्याचे शास्त्रीय नावच आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका असे आहे.

छायाचित्र आणि शिळा पुढे पुन्हा एकत्र आल्या. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यासाठी फोटोवरून शिळेवर प्रतिमा उतरवण्याचे काम करणाऱ्यांत त्र्यंबकेश्वरचा एक मराठी तरुण होता. धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. त्यामागे छपाई आणि छायाचित्रण या दोन्हींत मुरलेला हात होता.

आणि आता चिप. १९५७ साली अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत जे लेथ्रॉप आणि जेम्स नॉल यांच्यापुढे प्रश्न होता तो लहान तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये मावेल इतक्या छोट्या ट्रान्झिस्टरचा. सूक्ष्मदर्शक बारीक वस्तू मोठी करून दाखवतो. लेथ्रॉप यांनी विचार केला, प्रकाश उलट्या बाजूने सोडला तर मोठी आकृती बारीक होईल. त्यांनी अर्धवाहकाच्या तुकड्यावर फोटोच्या धंद्यातलेच, प्रकाशाने घट्ट होणारे रसायन लावले, सूक्ष्मदर्शकातून त्यावर आकृती पाडली आणि उरलेले रसायन धुऊन काढले. निएप्स यांचे डांबर आणि लव्हेंडरचे तेल आठवा. उघड्या पडलेल्या भागावर तेजाब चालवायचे. सेनेफेल्डरची धुण्याची यादी आठवा. या रीतीला नावही फोटोलिथोग्राफी असेच मिळाले. आज सिलिकॉनच्या चकतीवर चिप घडते ती याच क्रमाने. सर्वांत बारीक कामासाठी वापरतात त्या प्रकाशाची तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर आहे, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

श्रोतेहो, यांपैकी मोबाइल कोणालाच करायचा नव्हता. एकाला नाटक छापायचे होते, एकाला पंचांग, एकाला खिडकीतले दृश्य टिपायचे होते, एकाला फ्यूज लहान करायचा होता. प्रत्येकाने दुसऱ्याचे काम जवळून, मन लावून पाहिले, त्यातली एक पायरी उचलली आणि आपल्या अडचणीला लावली. ज्ञान असे हातांवरून हातांवर येते. शाळेत आपण शोध आणि शोधक यांच्या जोड्या लावतो. त्यापुढे मुलांनी आणखी एक प्रश्न विचारावा असे मला मनापासून वाटते, की याच्या हाती हे आले कुठून? त्या एका प्रश्नासरशी इतिहासाच्या तासाला विज्ञान येते आणि विज्ञानाच्या तासाला माणसे येतात.

शिळेवरचे काम संपले, की ती वाळूने घासून त्याच शिळेवर नवा मजकूर लिहीत. मी पाहिलेली पुसट अक्षरे अशाच एखाद्या जुन्या मजकुराची असावीत. तुमच्या गावात बंद पडलेला छापखाना असेल, तर तिथे एकदा जाऊन या. अशी एखादी पाटी अंगणात पायरीला किंवा न्हाणीत धुण्याला लागलेली दिसली, तर तिला तिरप्या उजेडात धरा आणि मुलांना दाखवा. धुण्याच्या दगडावर अक्षरे दिसतील कदाचित, आणि मग सेनेफेल्डरच्या आईची गोष्ट सांगायला तुम्हाला वेगळे निमित्त लागणार नाही.